गुन्हा नेमका राहतो कुठे?

पिरंगुटच्या पुढे घोटावड्याच्या रस्त्याला लागलात की भरे येतं. मुळशी तालुक्यातलं गाव. भाताची खाचरं आणि प्लॉटिंगचे फलक तिथे आता शेजारी शेजारी नांदतात. पुढे माण, हिंजवडी; मागे लवळ्याच्या डोंगरावर विद्यापीठं. समजा, या भागातल्या एखाद्या मुलीनं घरी सांगितलं, की मला विद्यापीठात समाजशास्त्र आणि फौजदारी न्यायव्यवस्था शिकायची आहे. पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे पोलिसात जाणार का गं?" आणि दुसरा: "त्यात शिकायचं काय असतं? चोरी केली की शिक्षा, संपलं."

संपलं? अहो, खरी गंमत तिथूनच सुरू होते. एकच साधा प्रश्न घ्या. गुन्हा राहतो कुठे? माणसाच्या डोक्यात? रक्तात? संगतीत? की माणूस राहतो त्या गल्लीत? या एका प्रश्नावर गेली दोनशे वर्षं विद्वान मंडळी भांडताहेत, आणि त्या भांडणातून जी उत्तरं निघाली, ती कोणत्याही रहस्यकथेपेक्षा चक्रावून टाकणारी आहेत.

पहिला धक्का दिला तो चक्क एका खगोलशास्त्रज्ञानं. बेल्जियमचे अडॉल्फ केतले ग्रहताऱ्यांचे हिशेब करत. १८२०च्या दशकात फ्रान्सच्या सरकारनं फौजदारी खटल्यांची वार्षिक आकडेवारी छापायला सुरुवात केली, आणि केतलेंनी दुर्बीण बाजूला ठेवून ते तक्ते समोर ओढले. आता बघा, खून म्हणजे काय? कुणाचं तरी डोकं फिरतं, हातात सापडेल ते उचललं जातं, होत्याचं नव्हतं होतं. यात कसला आलाय नियम? पण केतलेंना दिसलं, की खुनांचा आकडा दरवर्षी जवळपास तेवढाच येतो. इथपर्यंतही ठीक. पण सुऱ्यानं किती, बंदुकीनं किती, गळा दाबून किती, हे प्रमाणसुद्धा फारसं हलत नाही! प्रत्येक खुन्याला वाटत होतं, हा राग फक्त माझा आहे. आणि तिकडे आकडे असे येत होते, जणू कुणी वर्षाच्या सुरुवातीला कोटा वाटून दिलाय. केतले म्हणाले, समाज सरकारी कर भरताना एक वेळ कुचराई करेल, पण तुरुंग आणि फाशीच्या तख्ताचं देणं मात्र नेमानं चुकतं करतो.

म्हणजे गुन्हा करतो माणूस, पण त्याची बेरीज समाजाची असते. समाजशास्त्र नावाची खिडकी उघडली ती अशी.

ती बंद करायला पुढे एक डॉक्टर हजर झाले. इटलीचे चेझारे लोम्ब्रोसो. एका दरोडेखोराच्या कवटीच्या मागच्या भागात त्यांना एक खळगा दिसला आणि त्यांना साक्षात्कार झाला, की गुन्हेगार जन्मालाच यावा लागतो. पुढारलेला जबडा, मोठे कान, लांब हात. १८७६ साली त्यांचं पुस्तक आलं आणि युरोप भारावून गेला. भारावून जाण्यासारखंच होतं म्हणा. चेहरा बघून चोर ओळखता आला तर पोलिसांचं केवढं काम वाचलं! पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग नावाच्या तुरुंगातल्या डॉक्टरनं सुमारे तीन हजार कैद्यांची मापं घेतली आणि साध्या, निरपराध माणसांच्या मापांशी ताडून पाहिली. त्यात विद्यापीठातले विद्यार्थीही होते. १९१३ मध्ये निकाल छापून आला: गुन्हेगाराचा असा वेगळा चेहरामोहरा नसतोच. लोम्ब्रोसोंचा सिद्धान्त तिथेच कोसळला. स्वतः लोम्ब्रोसोंचा सांगाडा मात्र त्यांच्याच इच्छेनुसार ट्युरिनच्या त्यांच्याच संग्रहालयात जपून ठेवलाय. मापं घेणाऱ्याचा शेवट असा मापात.

पण हसायचं कारण नाही. कारण युरोपात जे पुस्तकात होतं, ते आपल्याकडे कायद्यात होतं. आणि तेही लोम्ब्रोसोंच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधी.

१८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. साहेबाचा तर्क सरळ होता: हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, मग गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार. अमुक जमातीत जन्म, एवढ्यावर शिक्का. आधी हा कायदा उत्तरेत लागला, १९११च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली गेली. दिवसाची मजुरी, ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर जायचं तर पास. सोलापुरात 'सेटलमेंट' हे नाव आजही चालू आहे.

इथे जरा थांबा, कारण या कायद्याची आतली रचना पाहण्यासारखी आहे. समजा, त्या कुंपणातल्या एका बाईची आई दुसऱ्या गावी आजारी पडली. पास मिळायला उशीर झाला. बाई रात्रीच निघाली. हजेरीला नाव पुकारलं, उत्तर नाही. झाला गुन्हा! तिनं चोरी केली नाही, कुणाला दुखावलं नाही, ती फक्त आईकडे गेली. पण नोंदवहीत तिच्या जमातीच्या नावावर आणखी एक गुन्हा चढला. वर्षाच्या शेवटी साहेब ती वही उघडणार आणि मान डोलावून म्हणणार, बघा, आम्ही सांगत नव्हतो? ही जमात गुन्हेगारच आहे! कायद्यानंच गुन्हे तयार करायचे आणि त्या गुन्ह्यांनीच कायदा खरा ठरवायचा. वर्तुळ पूर्ण. इतकी बिनचूक चालणारी चूक मला तरी दुसरी ठाऊक नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. विमुक्त दिन म्हणून तो दिवस आजही पाळला जातो. पण शिक्का पुसायला कागद पुरत नाही. सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे त्याच्या जागी आले, जसा मुंबई राज्याचा १९५९चा, आणि पोलिसांची नजर बहुतेक वेळा त्याच वस्त्यांकडे वळत राहिली. कुंपणाच्या आतून हे सगळं कसं दिसतं, ते लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'मध्ये आणि लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'मध्ये आहे. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि माझं मत विचाराल तर गुन्हेगारीशास्त्राच्या पहिल्या वर्षाला तीच दोन पुस्तकं लावावीत, परदेशी पाठ्यपुस्तक नंतर. हे सगळं इतिहासजमा झालं असं वाटत असेल, तर ३ ऑक्टोबर २०२४ची तारीख लक्षात ठेवा. पत्रकार सुकन्या शांता यांनी देशातल्या तुरुंगांत जातीवरून कामं कशी वाटली जातात हे शोधून काढलं, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि त्या दिवशी न्यायालयानं तुरुंग नियमावल्यांतल्या अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे उल्लेखही त्यात आले. कायदा रद्द झाल्यावर तब्बल ७२ वर्षांनी!

बरं, रक्तात नाही, कवटीत नाही, जातीत नाही. मग गुन्हा आहे कुठे?

उत्तराचा एक मोठा तुकडा शिकागोत सापडला. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मकाय हे दोघे जण बालन्यायालयात आलेल्या मुलांचे पत्ते शहराच्या नकाशावर मांडत बसले. एक मूल, एक ठिपका. १९०० पासून १९३३ पर्यंतच्या नोंदी. ठिपके दाट झाले ते शहराच्या मध्यभागाला लागून असलेल्या पट्ट्यात, जिथे जुनी घरं पडत होती, कारखाने घुसत होते, जमिनीचे भाव फिरत होते आणि कुणीच कायमचं राहत नव्हतं. हे अपेक्षितच. विस्मयाचा भाग पुढे आहे. या तीस वर्षांत त्या वस्त्यांमधली माणसं पार बदलली. आधी जर्मन, आयरिश, स्वीडिश होते. ते गेले आणि पोलिश, इटालियन आले. भाषा बदलली, जेवण बदललं, देवळं बदलली. पण ठिपके? जिथल्या तिथे! आणि जे निघून चांगल्या भागात गेले, त्यांच्या मुलांचे ठिपके विरळ झाले. ओल धरलेल्या खोलीत भाडेकरू कितीही बदला, खोकला सगळ्यांना होणारच. आणि आपण मात्र वर्षानुवर्षं भाडेकरूंच्या फुप्फुसांना दोष देत बसलो होतो.

आता हा नकाशा शिकागोवरून उचला आणि पुणे जिल्ह्यावर ठेवा. शहर आणि गाव यांच्या मधला, धड हे ना धड ते, असा पट्टा कुठे येतो? हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे, हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. तिथे आयटी पार्क आलं आणि आजूबाजूच्या गावांत जमिनीला सोन्याचा भाव आला. एजंट आले, इसार झाले, खरेदीखतं झाली, सातबाऱ्यावरची नावं बदलली. पिढ्यानपिढ्या जी जमीन घराचा रोजचा दिनक्रम ठरवत होती, ती एका सहीनं गेली आणि बँकेत मोठा आकडा आला.

पैसा आला म्हणजे भलं झालं, नाही का? इथे एमिल दुर्खाइम नावाचे फ्रेंच गृहस्थ हात वर करतात. १८९७ साली आत्महत्यांची आकडेवारी तपासताना त्यांना आढळलं, की मंदीत आत्महत्या वाढतात तशा अचानक आलेल्या भरभराटीतही वाढतात. गरिबीनं माणूस खचतो हे समजतं, पण श्रीमंतीनं? दुर्खाइमचं म्हणणं असं, की माणसाला किती हवं, कुठे थांबायचं, हे समाज ठरवून देत असतो. परिस्थिती एकदम पालटली की ती मोजपट्टीच मोडते. मग काहीच पुरे वाटत नाही. १९३८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मर्टननं यातून एक छोटा निबंध लिहिला. जेमतेम दहा-अकरा पानं, पण आजही जगभर शिकवला जातो. तो म्हणाला, समाज सगळ्यांना एकच स्वप्न विकतो, पण तिथे पोचायचा रस्ता सगळ्यांना देत नाही. स्वप्न आहे आणि रस्ता नाही, तर काही जण आडवाट धरणारच.

भातशेती उत्तम जाणणारा बाप आणि दहावी-बारावीपर्यंत शिकलेला मुलगा. समोर काचेच्या इमारती, त्यात सुरक्षारक्षकाची नोकरी मिळेल पण केबिन मिळणार नाही. दारात नवी कोरी गाडी आहे, पण सकाळी उठून जायला शेत नाही. मर्टनचा निबंध याहून वेगळं काय सांगतो? २०१८ साली प्रवीण तरड्यांचा 'मुळशी पॅटर्न' पडद्यावर आला, तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि डोळेही पुसले, कारण गोष्ट ओळखीची होती. जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा, आणि त्याची गुन्हेगारीकडे घसरगुंडी.

पण सिनेमा हा पुरावा नव्हे, आणि त्या सिनेमानं एक नुकसानही केलं. 'मुळशीचा आहे का?' हा प्रश्न पुण्यात थट्टेत विचारला जाऊ लागला. म्हणजे पुन्हा शिक्काच की! १८७१मध्ये जमातीवर होता, आता तालुक्यावर. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांतल्या अनेकांनी गाळे काढले, खोल्या भाड्यानं दिल्या, टेम्पो घेतले, दुसरीकडे शेत घेतलं, मुलांना शिकवलं. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढत नाही. हडपसरला तर मगरपट्ट्याच्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र करून स्वतःच शहर उभारलं आणि त्यात भागधारक झाले. शहर तेच, काळ साधारण तोच, पण जमिनीबरोबर माणसाची जागा गेली नाही.

शिक्क्याचंच निघालं म्हणून सांगतो, मुळशीनं हा खेळ शंभर वर्षांपूर्वीही पाहिलाय. टाटांच्या धरणाखाली जमिनी जाणार म्हणून १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीला, मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी. पुढे धरणाच्या कामावरच्या आगगाडीवर हल्ला केल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. कोर्टाच्या कागदात ते गुन्हेगार. लोकांच्या तोंडी 'सेनापती'. आज पुण्यात त्यांच्या नावाचा हमरस्ता आहे. उलटंही होतं. जातपंचायत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकायची तेव्हा पंच स्वतःला न्यायाधीश समजत. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तेच पंच आरोपी झाले. कृत्य तसंच राहिलं, नाव बदललं. आणि नावं किती चिवट असतात पाहा: फसवणुकीचं कलम नव्या भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४पासून ३१८ झालंय, पण लबाड माणसाला आपण अजून चारसोबीसच म्हणतो.

आता सगळ्यात उलटा प्रश्न. १९६९ मध्ये ट्रॅव्हिस हर्शी या अमेरिकन अभ्यासकानं टेबलच फिरवलं. तो म्हणाला, लोक गुन्हा का करतात हे काय विचारता? मोह सगळ्यांनाच असतो. बाकीचे का करत नाहीत, ते विचारा! शेजारच्या दुकानात कुणी नाही, गल्ला उघडा आहे, तरी तुम्ही हात घालत नाही. कलम आठवतं म्हणून? छे. आई काय म्हणेल, नोकरीचं काय होईल, पोरं शाळेत मान खाली घालतील, हे आठवतं. माणसाला सरळ ठेवतात ते हे धागे. ते तुटले की भिंती बांधाव्या लागतात.

मग धागे पुन्हा जोडले तर भिंतींची गरज उरेल का? हे करून पाहिलंय, आणि तेही हर्शीच्या तीस वर्षं आधी, आपल्या मराठी मुलखात. औंध संस्थान. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचे ते प्रसिद्ध पुरस्कर्ते. त्यांच्याकडे मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर येऊन राहिला होता, गांधीजींच्या जवळचा. १९३९ मध्ये आटपाडीजवळ, आजच्या सांगली जिल्ह्यात, स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. कैद्यांची वसाहत, पण भिंत नाही. बराकीऐवजी घर, कोठडीऐवजी शेत, आणि सोबत बायकामुलं. दुष्काळी माणदेशातल्या त्या रानात कैदी नांगर धरू लागले. पळून जायला चहूबाजूंनी मोकळं रान होतं. पण रात्री चुलीवर भाकरी टाकणारी बायको आणि उभं पीक सोडून जायचं कुठे? हर्शीनं जे पुस्तकात लिहिलं, ते इथे आधीच ज्वारीच्या रानात पेरलेलं होतं.

याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि त्यांचं जन्मगाव शेटफळे आटपाडी तालुक्यातलंच. बर्लिन महोत्सवात चित्रपटाला रौप्य अस्वल पुरस्कार मिळाला. आपल्याला त्यातली गाणी पाठ असतात, जेलर आठवतो. पण ही परीकथा नसून आपल्याच एका संस्थानाचा सरकारी प्रयोग होता, हे कितीजणांना ठाऊक असतं? स्वतंत्रपूरची खुली वसाहत आजही महाराष्ट्र कारागृह विभागाकडे आहे. बंद तुरुंगात नीट वागून दाखवलेल्या कैद्यांना तिथे पाठवतात.

तरीही आपला पहिला विचार भिंतीचाच असतो. देशातल्या तुरुंगांमध्ये असलेल्या दर चार माणसांपैकी साधारण तिघांवरचा आरोप अजून सिद्धच झालेला नाही. ते कच्चे कैदी आहेत. त्यांचे धागे आतच तुटत असतात: नोकरी जाते, मुलांची शाळा सुटते, गावात नाव खराब होतं. उद्या निर्दोष सुटून आले तरी ते धागे पुन्हा बांधून कोण देणार?

त्या मुलीच्या घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पोलिसात जायचं तर जरूर जावं. पण १९५८च्या कायद्यानं शिक्षेऐवजी देखरेखीखाली घरी पाठवता येणाऱ्या माणसांसाठी परिविक्षा अधिकारी लागतात, विधी सेवा प्राधिकरणांना माणसं लागतात, तुरुंगांना समाजसेवक लागतात. आणि एक जागा अशी आहे, की तिच्याबद्दल वाचून मी दोनदा कायदा उघडून पाहिला. अठरा वर्षांखालच्या मुलावर आरोप झाला तर त्याचं प्रकरण नेहमीच्या कोर्टात न जाता बाल न्याय मंडळापुढे जातं. त्या मंडळात तिघे जण बसतात. एक न्यायदंडाधिकारी, आणि उरलेले दोघे सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली किमान एक स्त्री. त्या दोघांसाठीच्या पात्रतेत २०१५च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४ नं बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र आणि कायदा यांच्याबरोबर आणखी एका विषयाच्या पदवीचं नाव घातलंय: समाजशास्त्र.